लोकसेवेचा अभ्यास : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

लोकांचीं गाऱ्हाणीं सरकारपुढें मांडणारे पुरुष आपल्या देशांत पुष्कळ झाले. कोणी लेखणी झिजविली, कोणी सभा गाजविल्या, कोणी कारावास पत्करला. परंतु गाऱ्हाणें मांडणें हीहि एक विद्या आहे, ती इतर विद्यांप्रमाणेंच वर्षानुवर्षें बसून शिकावी लागते, आणि तिच्यासाठीं तरुणांनीं आपलें सारें आयुष्य वाहून घेतलें पाहिजे, असें मानणारे व तसें घडवून आणणारे पुरुष विरळाच. नामदार गोखले हे अशा विरळा पुरुषांपैकीं एक होत. त्यांच्या राजकारणाविषयीं व विद्वत्तेविषयीं थोरांनीं पुष्कळ लिहिलें आहे. प्रस्तुत लेखांत त्यांच्या चरित्रांतील एकच धागा हातीं धरावयाचा आहे. ज्यांना स्वतःसाठीं बोलतां येत नाहीं त्यांच्या वतीनें बोलावयाचें तर बोलणाऱ्याची तयारी कशी असावी, हें ते स्वतः कसें शिकले व त्यांनीं इतरांस कसें शिकविलें, तेवढेंच येथें पाहूं.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापुराजवळील कागल येथें लहानशा नोकरीवर होते. घरची स्थिति बेताचीच. गोपाळराव तेरा वर्षांचे असतांना वडील वारले आणि संसाराचा भार थोरले बंधु गोविंदराव यांच्यावर पडला. त्यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतले आठ रुपये ते कोल्हापुरास शिकत असलेल्या धाकट्या भावाला पाठवूं लागले. उरलेल्या सात रुपयांत सारें घर चालावयाचें! गोपाळराव हातानें स्वयंपाक करून राहत. एकदां एका मित्रानें त्यांना नाटकास नेलें आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. ते दोन आणे भरून काढण्यासाठीं गोपाळरावांनीं घरांतला दिवा बंद ठेवून रस्त्यावरील दिव्याखालीं अभ्यास केला, अशी हकीकत सांगतात. पुढें कॉलेजच्या खर्चासाठीं वहिनींनीं आपले दागिने मोडले असेंहि म्हणतात. दोन आण्यांचा हिशेब ज्याला लहानपणींच द्यावा लागला, त्याला मोठेपणीं सरकारच्या कोट्यवधि रुपयांच्या हिशेबांत गरिबाचे दोन आणे कोठें गेले हें शोधण्याची दृष्टि आपोआपच आली.

१८८४ मध्यें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून ते बी. ए. झाले. वय अवघें अठरा वर्षांचें. सरकारी नोकरी व वकिली हे दोन राजमार्ग त्या काळच्या पदवीधरास मोकळे होते. घरच्या कर्जाचा व उपकारांचा विचार करतां त्यांनीं त्यांपैकींच एखादा धरावा अशी घरच्यांची अपेक्षा असल्यास नवल नाहीं. परंतु १८८५ मध्यें ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन त्यांनीं अल्प वेतनावर शिकविण्याचें व्रत घेतलें. फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र असे नाना विषय शिकविले. जो विषय शिकवावयास कोणी नसेल तो गोखल्यांकडे, असा जणुं तेथील परिपाठच होता. त्यांनीं रचलेलें अंकगणिताचें पुस्तकहि पुष्कळ वर्षें शाळांतून चालू होतें.

याच सुमारास न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांची व त्यांची गांठ पडली, आणि शिक्षक असलेले गोखले पुन्हां विद्यार्थी झाले. पुण्यांत २ एप्रिल १८७० रोजीं गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या पुढाकारानें सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. लोकांच्या अडचणींची चौकशी करावयाची, माहिती गोळा करावयाची आणि साधार अर्ज लिहून सरकारकडे पाठवावयाचा, हें सभेचें मुख्य काम. १८९० मध्यें गोखले तिचे चिटणीस झाले. तिचें त्रैमासिकहि तेच पाहत. रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचवून घेत, टिपणें करवीत, अर्जांचे मसुदे लिहवीत, आणि मसुदा पसंत न पडल्यास तो पुन्हां लिहावयास लावीत. एवढ्या श्रमानें लिहिलेल्या अर्जास सरकारकडून दोन ओळींचें उत्तर येई, आणि तरुण चिटणीस खट्टू होई. तेव्हां रानडे त्यांना समजावीत कीं, अर्जाच्या माथ्यावर नांव सरकारचें असलें तरी तो खरा लोकांसाठीं लिहावयाचा असतो. अशा अर्जांतूनच लोक स्वतःच्या स्थितीचा विचार करावयास शिकतात. ही गोष्ट गोखल्यांनीं जन्मभर जतन केली.

इतकी तालीम मिळूनहि या विद्येंतील सर्वांत कठीण धडा त्यांना स्वतःच्या चुकीमुळेंच शिकावा लागला. १८९७ मध्यें हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं ते इंग्लंडास गेले. तेथें त्यांनीं आंकड्यांच्या आधारें दिलेली साक्ष इतकी भक्कम होती कीं, उलटतपासणींतहि ते डगमगले नाहींत. परंतु त्याच वेळीं इकडे पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें होतें आणि घरोघर तपासणीसाठीं गोरे सैनिक फिरत होते. या सैनिकांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या वार्ता पुण्याहून पत्रांतून त्यांच्याकडे आल्या. लिहिणारे विश्वासांतले होते. गोखल्यांचें मन पेटून उठलें आणि तो आरोप त्यांनीं मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केला. इंग्लंडांत एकच खळबळ उडाली आणि सरकारनें पुरावा मागितला.

गोखले मुंबईस परतले आणि पुराव्याच्या शोधास लागले, परंतु पुढें येऊन साक्ष देण्यास कोणी तयार होईना. पत्रें लिहिणाऱ्यांचीं नांवें सांगून स्वतःची सुटका करून घेणें त्यांना सहज शक्य होतें. तें त्यांनीं केलें नाहीं. सिद्ध करतां न येणारा आरोप आपण केला हा दोष सर्वस्वीं आपला आहे असें मानून त्यांनीं उघडपणें व बिनशर्त माफी मागितली. देशांत हलकल्लोळ झाला. ज्यांनीं त्यांना डोक्यावर घेतलें होतें तेच त्यांना भ्याड म्हणूं लागले, आणि ही माफी त्यांना कित्येक वर्षें भोंवली. प्लेगच्या त्या दिवसांत पुण्याच्या लोकांचे हाल झालेच नाहींत असें नव्हे. हाल पुष्कळ झाले. पण एक आरोप शाबीत झाला नाहीं म्हणून बाकीच्या खऱ्या तक्रारींकडेहि संशयानें पाहण्यास सरकारास निमित्त मिळालें. बोलणाऱ्याच्या चुकीची शिक्षा केवळ बोलणाऱ्यालाच होत नाहीं. ज्यांच्यासाठीं तो बोलतो त्यांनाहि ती भोगावी लागते. निंदेचे घाव सोशीत गोखले पुण्याच्या प्लेगनिवारणाच्या कामांत स्वयंसेवक म्हणून राबूं लागले. त्यांनीं कोणास दोष दिला नाहीं.

या घटनेनंतर जे गोखले देशाला दिसले ते अधिक सावध, अधिक कष्टाळु आणि म्हणूनच अधिक समर्थ होते. १९०१ च्या अखेरीस ते वरिष्ठ कायदेकौन्सिलावर निवडून आले. २६ मार्च १९०२ रोजीं त्यांनीं अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. सरकारी खजिन्यांत शिल्लक पडली होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखविली जात होती. गोखल्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून दाखविलें कीं, दुष्काळ व प्लेग यांनीं गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षां अधिक कर घेतला म्हणून ही शिल्लक पडली आहे. मिठावरील कर कमी करावा, लहान मिळकतींना प्राप्तीच्या करांतून वगळावें, शिक्षणावर अधिक खर्च करावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मिठावरील कर तेव्हां दर मणीं अडीच रुपये होता. तो १९०३ मध्यें दोन, १९०५ मध्यें दीड आणि १९०७ मध्यें एक रुपया झाला. प्राप्तीच्या कराची मर्यादाहि १९०३ मध्यें वार्षिक पांचशेंवरून एक हजार रुपयांवर गेली. हें सर्व एकट्या गोखल्यांच्या भाषणांचें फळ असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु त्यांच्या आंकड्यांना बगल देणें सरकारास सोपें राहिलें नाहीं, एवढें खास. आणि या आंकड्यांमागें आणखी एक मनुष्य होता, ज्याचें नांव थोड्यांनाच ठाऊक आहे. गणेश व्यंकटेश जोशी नांवाचे एक शिक्षक अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक होते. ते माहिती जुळवून गोखल्यांना साहाय्य करीत. लोकांच्या बाजूनें उठणारा आवाज एकाचा असला तरी त्याच्या पाठीशीं अनेकांचे अबोल श्रम असावे लागतात.

हे अबोल श्रम योगायोगावर न सोडतां त्यांची कायमची व्यवस्था लावावी, या विचारांतून गोखल्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें कार्य उभें राहिलें. १२ जून १९०५ रोजीं पुण्यांत त्यांनीं सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजेच भारत सेवक समाज, स्थापन केला. गोपाळ कृष्ण देवधर, नटेश आप्पाजी द्रविड व अनंत विनायक पटवर्धन हे तीन तरुण त्या दिवशीं त्यांच्यासमवेत प्रतिज्ञाबद्ध झाले. प्रतिज्ञा सात होत्या. देशाला मनांत सदैव पहिलें स्थान द्यावयाचें, देशसेवेंत स्वतःचा लाभ शोधावयाचा नाहीं, जात व धर्म न पाहतां सर्व भारतीयांस बंधु मानावयाचें, संस्था जें अल्पसें वेतन देईल त्यांत कुटुंबासह समाधान मानावयाचें, वर्तन शुद्ध ठेवावयाचें, कोणाशीं वैयक्तिक भांडण करावयाचें नाहीं आणि संस्थेच्या हेतूंस बाध येईल असें कांहीं करावयाचें नाहीं, असें त्यांचें सार होतें.

परंतु समाजाचें खरें वैशिष्ट्य प्रतिज्ञांत नसून त्याच्या शिक्षणक्रमांत होतें. नवीन सभासदास पांच वर्षें उमेदवारी करावी लागे. या काळांत कांहीं महिने पुण्याच्या ग्रंथालयांत बसून इतिहास, अर्थशास्त्र, राज्यकारभार व सरकारी अहवाल यांचा अभ्यास करावयाचा आणि कांहीं महिने देशभर हिंडून लोकांची स्थिति डोळ्यांनीं पाहावयाची. व्यासपीठावर चढण्याची घाई नाहीं; आधीं कान, डोळे व कागद, आणि मग जीभ. रानड्यांनीं एका तरुणाकडून जें करवून घेतलें तेंच आतां अनेकांकडून, नियमानें व एकमेकांच्या सहकार्यानें, करवून घेतलें जाऊं लागलें. असा सिद्ध झालेला एकेक सभासद पुढें एकेक प्रश्न हातीं घेई. समाजाच्या शाखा मुंबई, मद्रास, अलाहाबाद व नागपूर येथें निघाल्या, तरी अभ्यास, चौकशी, अर्ज व प्रचार यांची सूत्रें परस्परांशीं जुळलेलीं असत.

शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनीं काय करावें, हा प्रश्न त्या वेळीं वंगभंगाच्या चळवळीमुळें ऐरणीवर आला होता. १९०९ मध्यें मुंबईंत विद्यार्थ्यांच्या एका मंडळापुढें बोलतांना गोखल्यांनीं आपलें मत स्पष्ट केलें. विद्यार्थ्यांनीं सार्वजनिक प्रश्न समजून घ्यावेत, त्यांचा आस्थेनें अभ्यास करावा, परंतु प्रत्यक्ष चळवळींत उडी घेण्याची घाई करूं नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अनेक तरुणांस हें पटलें नाहीं, आणि पुढील पिढ्यांनीं तर वेगळाच मार्ग चोखाळला. तरी हा उपदेश भीतीपोटीं केलेला नव्हता. अर्धवट माहितीवर बोलल्याची किंमत ज्यानें स्वतः मोजली होती, त्याचे ते बोल होते.

ज्या कार्यासाठीं शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक मुलानें गोखल्यांचें स्मरण करावें, तें म्हणजे त्यांचें प्राथमिक शिक्षणाचें बिल. १९११ च्या शिरगणतींत शंभर माणसांत सुमारें सहा जणांनाच लिहितां-वाचतां येत होतें. बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १९०६ मध्यें आपल्या सर्व राज्यांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें होतें. जें एका संस्थानास साधलें तें इंग्रज सरकारास कां साधूं नये, असा गोखल्यांचा सवाल होता. १९१० मध्यें त्यांनीं याविषयींचा ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजीं बिल आणलें. तें अत्यंत सौम्य होतें. जेथें मुलांची ठराविक संख्या आधींच शाळेंत जात असेल तेथेंच, आणि तेंहि सरकारच्या पूर्वसंमतीनें, म्युनिसिपालिटी किंवा लोकलबोर्डानें सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचें करावें. मुलींना तें पुढें लागू करावें. ज्या बापाची प्राप्ति दरमहा दहा रुपयांहून कमी त्याच्याकडून फी घेऊं नये. खर्चाचे दोन भाग सरकारनें व एक भाग स्थानिक संस्थेनें सोसावा. एवढेंच मागणें होतें!

बिल लोकमतासाठीं प्रांतोप्रांतीं फिरविलें गेलें. पुष्कळ संस्थांनीं त्यास पाठिंबा दिला. परंतु सरकारी अधिकारी विरुद्ध गेले, आणि कांहीं धनिक व जमीनदारहि त्यांस मिळाले. पैसा नाहीं, लोकांना सक्ति नको आहे, वेळ आलेली नाहीं, असे आक्षेप निघाले. गोखल्यांनीं एकेका आक्षेपास आंकडे व इतर देशांचे दाखले देऊन उत्तर दिलें. मार्च १९१२ मध्यें मतें मोजलीं गेलीं तेव्हां बिलाच्या बाजूस १३ आणि विरुद्ध ३८ पडलीं. हा निकाल त्यांना अगोदरच दिसत होता. तरीहि त्यांनीं मनांत कडवटपणा धरला नाहीं. आपल्या पिढीच्या वांट्यास अपयशानें सेवा करणें आलें असेल, पण त्याच अपयशावरून पुढची पिढी चढून जाईल, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्याच वर्षीं ते दक्षिण आफ्रिकेंत गेले व तेथील हिंदी मजुरांची दैना त्यांनीं समक्ष पाहिली. करारबद्ध मजुरी बंद व्हावी म्हणून ते कौन्सिलांत पूर्वींपासून झगडत होतेच. नाताळसाठीं मजूर नेण्याची बंदी करावी हा त्यांचा ठराव १९१० मध्यें मान्य झाला होता, आणि १९१७ मध्यें ती सारी भरतीच थांबली. दक्षिण आफ्रिकेंतील लढ्याचे अग्रणी मोहनदास करमचंद गांधी हे गोखल्यांना आपले राजकीय गुरु मानीत. १९१५ च्या जानेवारींत गांधीजी स्वदेशीं परतले, तेव्हां गोखल्यांनीं त्यांना सांगितलें कीं, वर्षभर देशभर हिंडावें, सर्व पाहावें, पण सार्वजनिक प्रश्नांवर बोलूं नये. गांधीजींनीं तो शब्द पाळला. भारत सेवक समाजांतील उमेदवाराची शिस्त गुरूनें आपल्या सर्वांत थोर शिष्यासहि लावली ती अशी!

अखंड श्रमांनीं व मधुमेहानें गोखल्यांची प्रकृति ढासळली होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. ज्यांच्याशीं त्यांचा जन्मभर मतभेद राहिला ते लोकमान्य टिळक स्मशानांत उपस्थित होते आणि त्यांनीं त्यांच्या देशसेवेचा मुक्तकंठानें गौरव केला.

मनुष्य गेला, पण त्यानें घालून दिलेली शिस्त राहिली. नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ मध्यें मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि पुढें कामगारांच्या संघटनेस आयुष्य वाहिलें. देवधरांनीं रमाबाई रानडे यांच्यासमवेत पुण्याचें सेवासदन वाढविलें. ठक्करबाप्पांनीं १९२२ मध्यें भिल्ल सेवा मंडळ स्थापून रानावनांत वस्ती केली. आणि १९१२ मध्यें पडलेलें तें बिल? १९१८ मध्यें विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई प्रांतांत म्युनिसिपालिट्यांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा झाला. स्वतंत्र भारताच्या घटनेनें मुलांचें शिक्षण हें राज्याचें ध्येय ठरविलें, २००२ मध्यें तो मूलभूत हक्क झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास व मुलीस मोफत व सक्तीचें शिक्षण देणारा कायदा अंमलांत आला. तेरा मतांचें मागणें साऱ्या देशाचें मागणें होण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, अन्याय पाहून ज्याचें रक्त तापत नाहीं तो तरुण कसला? गोखल्यांचें रक्तहि तापलें होतें. पण तापलेल्या रक्तानें लिहिलेलें एक पत्र त्यांना व त्यांच्या लोकांना किती महाग पडलें, आणि शांतपणें जुळविलेल्या आंकड्यांनीं किती घरांतलें मीठ स्वस्त झालें, या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रांत शेजारीं शेजारीं आहेत. उद्यां तुमच्या गांवच्या विहिरीसाठीं, रस्त्यासाठीं किंवा शाळेबाहेर राहिलेल्या एखाद्या पोरासाठीं अर्ज लिहिण्याचा प्रसंग आला, तर सही करण्यापूर्वीं स्वतःस एवढेंच विचारा : हें मीं स्वतः पाहिलें आहे काय? किती घरांत अशी स्थिति आहे? केव्हांपासून आहे? पुरावा मागितल्यास मजजवळ तो आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्यास वेळ लागेल, वहाणा झिजतील, कदाचित् प्रथम नकारहि येईल. तो नकार पचवून अर्ज पुन्हां लिहावयास बसणें, हीच नामदार गोखल्यांची खरी पुण्यतिथि होय.